हरवलेले छत्तीस ग्रॅम

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत आमच्या प्रयोगशाळेतला एकही प्रयोग फसला नाही. यात विज्ञानाचा काही हात नव्हता. मी तो फसू देत नव्हतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कपाटांवर अजून माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत आणि पुढचं वाचून कुणी ती कपाटं उघडून बघू नयेत, एवढीच इच्छा आहे. पोरं मला चाचा म्हणायची, सर लोक चाचा म्हणायचे, पगारपत्रकावर काय नाव आहे ते क्लार्कलाही दर महिन्याला नव्यानं आठवावं लागायचं.

लोकांना वाटतं, प्रयोगशाळेत काम म्हणजे पांढरा कोट. मलाही एक कोट मिळाला होता, पण तो खिडकीच्या फुटक्या तावदानात कोंबलेला होता. तो तिथं कसा गेला ते सांगतोच. बाकी माझं काम म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, उपकरणं मांडायची, पोरांनी मोडलेलं जोडायचं आणि सरांनी मोडलेलं काही न बोलता जोडायचं. हात माझा चांगला होता. वडील कल्हईवाले. काळं पडलेलं भांडं असं चकचकीत करून द्यायचं की गिऱ्हाईक खूश होऊन घरी गेलं पाहिजे. आतून ते किती झिजलंय हे कुणी विचारत नाही. मी तोच धंदा सरकारी पगारावर केला.

आता तो प्रयोग सांगतो, कारण सगळं रामायण त्याचं आहे. घाबरू नका, सोपा आहे. वीतभर काचेची नळी घ्यायची. तिच्यातून दोरा ओवायचा. दोऱ्याच्या वरच्या टोकाला रबरी बूच, खालच्या टोकाला शंभर ग्रॅमचं वजन. नळी मुठीत धरून बूच डोक्यावर गरागरा फिरवायचं. फिरणारं बूच बाहेर पळायला बघतं, लटकलेलं वजन त्याला आत ओढतं. वेग बरोबर जमला की वजन वर जात नाही, खाली येत नाही, मधेच लटकून राहतं. मग स्टॉपवॉच लावून वीस फेऱ्या मोजायच्या. बुचाचं वजन, दोऱ्याची लांबी आणि फेऱ्यांचा वेळ यांवरून गणित करायचं, की दोऱ्यात ताण किती. खाली शंभर ग्रॅम लटकलेत म्हटल्यावर गणितातही ताण शंभर ग्रॅमच्या वजनाइतकाच निघाला पाहिजे. निघाला की प्रयोग सिद्ध, जर्नलवर सही.

कॉलेजात हा प्रयोग आला तेव्हा त्याच्यासोबत कंपनीचं बूच आलं होतं, बरोबर वीस ग्रॅमचं. मी पुठ्ठ्यावर लाल रंगानं 'बुचाचं वजन २० ग्रॅम' असं लिहून पुठ्ठा भिंतीवर ठोकला. दुसऱ्याच वर्षी एका दांडग्या पोरानं बूच असं काही फिरवलं की गाठ सुटली, बूच खिडकीचं तावदान फोडून बाहेर गेलं आणि क्लार्कच्या म्हशीपुढच्या कडब्यात पडलं. आम्ही धावत जाईपर्यंत म्हैस शांतपणे रवंथ करत होती. तिनं ते खाल्लं की नाही यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले. मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन शेण तपासलं. बूच आलं नाही. म्हैस पुढं बारा वर्षं जगली. तावदानात मी माझा कोट कोंबला.

बूच डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेलं होतं. हरवलं म्हणून लिहिलं असतं तर खुलासा द्यावा लागला असता, आणि खुलाशात म्हैस कशी लिहायची हा प्रश्न होता. म्हणून मी नेकनूरला धाकट्या भावाच्या गॅरेजवर गेलो. जीपच्या धक्के झेलणाऱ्या शॉकअबमधला जुना रबरी बुश मागितला. अन्वर म्हणाला, "भाई, इत्ता सा टुकडा कायकू?" म्हटलं, विज्ञानासाठी. कानशीनं घासून, भोक पाडून, वरून रंग देऊन मी हुबेहूब बूच बनवलं. कंपनीचं शेजारी ठेवलं असतं तर कंपनीचंच नकली वाटलं असतं. हातात घेतल्यावर जरा जड लागलं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. वजन करून पुठ्ठा बदलू असं मनात आलं. मग घंटा झाली, मी परीक्षानळ्या धुवायला गेलो, आणि ते राहून गेलं. ते सोळा वर्षं राहिलं.

तुम्ही विचाराल, सोळा वर्षं कुणाचं उत्तर चुकलं कसं नाही? तर आमच्याकडं प्रयोगाची रीत वेगळी होती. प्रयोगशाळेत आकड्याला रीडिंग म्हणतात. इतर ठिकाणी आधी रीडिंग घेतात आणि मग उत्तर काढतात. आमच्याकडं उत्तर आधीपासून ठरलेलं असायचं, आणि त्याला शोभेल असं रीडिंग माझ्याकडून घ्यायचं. माझी एक निळी वही होती. पहिल्या वर्षीच्या, म्हणजे कंपनीच्या बुचाच्या काळातल्या जर्नलांवरून मी ती तयार केली होती. परीक्षेत पोराला या प्रयोगाची चिठ्ठी आली की मी टेबलाजवळून जाताना हळूच सांगायचो, "बारा पूर्णांक सात सेकंद." पुढच्याला बारा पूर्णांक आठ. त्याच्या पुढच्याला साडेबारा. दोघांना एकच आकडा मी कधी दिला नाही. एवढी इमानदारी माझ्यात होती. पोरं पाच मिनिटं बूच फिरवायची, मी दिलेला आकडा लिहायची आणि उत्तर कधी एकशे एक, कधी नव्व्याण्णव असं गोड यायचं. परीक्षक खूश, सर खूश. मला याचा अभिमान होता, आता लाज वाटते; पण अभिमान होता हे लपवून काय उपयोग.

मग शीतल आली.

शीतल बारावीला होती. आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ती मामाकडं राहायची. मामाच्या ज्वारीची राखण तिच्याकडं, त्यामुळं ज्वारी हुरड्यात आली की तिची हजेरी पातळ व्हायची. निघायच्या आदल्या दिवशी तिचे वडील मला भेटायला आले. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले, जणू आत दर्गा आहे.

"चाचा, पोरीकडं ध्यान ऱ्हाऊ द्या. पास झाली तर शिकू द्या म्हणती तिची माय. न्हाई झाली तर पुढल्या साली कोयता पुरा करून टाकू. पोरगं बघून ठिवलंय."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्याचा पुरा करायचा म्हणजे त्याचं लग्न लावायचं. शीतल कुणाच्या तरी कोयत्याचा उरलेला अर्धा होणार होती, आणि ते टाळायला तिला पास व्हायचं होतं. लेखी तिचं बेताचंच होतं. प्रॅक्टिकलचे मार्क पडले तरच निभणार होतं. मी वडलांना म्हणालो, "बेफिकीर राहा. माझ्या प्रयोगशाळेत आजवर कुणी नापास झालेलं नाही."

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, अंबाजोगाईच्या बाजूचे. आमची रीत अशी की परीक्षक आले की त्यांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवायचं, पोहे द्यायचे, पोह्यांनंतर चहा, चहानंतर पान. तेवढ्यात परीक्षा उरकते. पण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पोहे परतताना गॅस संपला. परीक्षकांना केबिनमध्ये नुसतं बसून कंटाळा आला आणि ते प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. माझ्या नोकरीत परीक्षकानं प्रयोग होताना बघायची ही पहिलीच वेळ.

शीतलनं चिठ्ठी उचलली. बुचाचाच प्रयोग आला. मी फडक्यानं टेबल पुसत तिच्याजवळ गेलो. "बारा पूर्णांक सहा," मी पुटपुटलो.

"काय, चाचा?"

"वेळ. वीस फेऱ्यांचा. लिहून टाक."

"आजून फिरवलं कुठं?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या, मला येतंय."

आणि तिनं बूच फिरवलं. आजवर पोरं ते फिरवायची तेव्हा मी टेबलाखाली वाकून उभा राहायचो. ही पोरगी वर्षानुवर्षं मचाणावर उभी राहून गोफण फिरवणारी. मनगट हलतंय की नाही तेही दिसेना. बूच डोक्यावर सपाट फिरत होतं आणि खालचं वजन जागच्या जागी थांबलेलं, तसूभर वर नाही की खाली नाही. परीक्षक बघतच राहिले. त्यांनी स्वतःच्या हातानं स्टॉपवॉच दाबलं.

वीस फेऱ्या. जेमतेम सोळा सेकंद.

तिनं पुन्हा फिरवलं. सोळा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सोळाच. तिनं पुठ्ठ्यावरचे वीस ग्रॅम घेतले, गणित केलं आणि उत्तर आलं चौसष्ट. खाली लटकलेत शंभर ग्रॅम, दोऱ्यात ताण चौसष्टचा.

"छत्तीस ग्रॅम गेले कुठं?" परीक्षकांनी विचारलं.

जाधव सर, आमचे फिजिक्सचे, पुढं आले. त्यांनी आधी पंखा बंद केला. म्हणाले, वाऱ्यामुळं ताण उडाला असेल. शीतलनं पुन्हा फिरवलं. सोळा. मग खिडक्या लावल्या. एका खिडकीत माझा कोट होता, तो नीट कोंबला. सोळा. मग सर म्हणाले, पोरीच्या हाताचा दोष आहे, मी फिरवतो. सरांनी फिरवलं तेव्हा बूच भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यातून आरपार गेलं आणि दोरा सरांच्या चष्म्याला गुंडाळला. तक्त्यावरचा सोन्याचा चौकोन फाटला. मग परीक्षकांनी फिरवलं. सातव्या फेरीला त्यांच्या कपाळावर बसलं आणि त्यांनी "परीक्षकांनी प्रयोग करावा अशी बोर्डाची अपेक्षा नाही" असं म्हणत बूच टेबलावर ठेवलं.

एव्हाना प्राचार्यसाहेब आले. साहेब इतिहासाचे. विज्ञानाला ते दुरूनच नमस्कार करायचे. पण संस्थेतून काहीतरी छत्तीस ग्रॅम नाहीसं झालंय एवढं ऐकल्यावर त्यांच्यातला प्रशासक जागा झाला.

"दोरी कुणाच्या ताब्यात होती?" त्यांनी मलाच विचारलं.

"माझ्या, साहेब. कपाटात. कुलपात."

"कुलूप शाबूत होतं?"

"होतं."

"मग ताण आतूनच गेलेला आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी क्लार्कला पंचनामा लिहायला बसवलं. तो पंचनामा मी नंतर फाइलला लावला, म्हणून मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'आज रोजी प्रयोगशाळेतील दोरीमधील ताण मोजला असता छत्तीस ग्रॅमने कमी आढळून आला. दारे-खिडक्या सुस्थितीत आहेत, पैकी एका खिडकीत कोट आहे. परिसरात शोध घेतला असता सदर ताण मिळून आला नाही.' पंच म्हणून ग्रंथपालानं आणि पोहे करणाऱ्या बाईनं सह्या केल्या. गॅस नसल्यामुळं ती मोकळीच होती.

परीक्षकांनी मग कालपासूनचे पेपर काढले. दोन दिवसांत अकरा जणांना हाच प्रयोग आला होता. अकराच्या अकरा जणांचं उत्तर शंभरच्या आगेमागे.

"अकरा जणांचं शंभर आणि एकटीचं चौसष्ट," प्राचार्य म्हणाले. "बहुमत स्पष्ट आहे."

जाधव सर शीतलला समजावू लागले. माणूस वाईट नव्हता, पोरीची हलाखी त्यांना ठाऊक होती. "बाळ, हट्ट करू नको. साडेबारा लिही. विषय संपव."

"सोळा आलतं, सर. तुमी बी बघितलं."

"बघितलं म्हणून काय झालं? बघितलेलं सगळं लिहायचं असतं का?"

शीतलनं बूच तळहातावर घेतलं, दोनदा झेललं आणि भिंतीकडं बघितलं. "सर, ह्ये वीस ग्रॅमचं न्हाई. जड हाय. गोफणीत दगूड बदलला की हाताला लगीच कळतंय. पाखरू हुकतंय मग."

सगळे हसले. मी हसलो नाही, पण हसल्यासारखं केलं. प्राचार्यांनी पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. "बाई, सोळा वर्षं तिथं लाल अक्षरात वीस लिहिलंय!"

परीक्षक मात्र हसायचे थांबले. काहीही म्हणा, माणूस फिजिक्सचा होता. म्हणाले, "वजन करून बघू. तराजू कुठाय?"

तराजू काचेच्या पेटीत होता, पेटीला पितळी कुलूप आणि त्याची किल्ली माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात. मी चारही खिसे चाचपले, त्या एका खिशाला हात न लावता. म्हणालो, "साहेब, किल्ली सापडत नाही."

हे मी बोललो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. डोळ्यांपुढं चौकशी आली, सोळा वर्षांचे निकाल आले, म्हैस आली. बारीकशा बुचापायी पेन्शन जाईल ही भीती होती, आणि तोंडातून किल्ली नाही हे शब्द इतके सहज निघाले की माझं मलाच नवल वाटलं. सवय होती ना, आकडे सांगायची.

किल्ली नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. प्राचार्यांनी तोडगा काढला. शीतलनं पेपराखाली लिहून द्यायचं, 'माझे वाचन माझ्या हाताच्या चुकीमुळे चुकले आहे.' परीक्षक म्हणाले, तसं लिहून दिलं तर मी उपकरण बरोबर धरून मार्क देतो. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. पण जाधव सरांनी माझ्याकडं बघून मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की पोरगी गेली.

शीतलनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. मग तिनं मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"चाचा, तुमीच सांगा. सगळी हत्यारं तुमची हायत. माझा हात चुकला का? तुमी चुकला म्हणलं तर मी लिहिते."

ती रागानं बोलली असती तर मी पचवलं असतं. तिनं संशयानं बघितलं असतं तरी चाललं असतं. तिला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. एकोणतीस वर्षांत पोरांनी मला हजारो आकडे विचारले, पण बरोबर काय ते कुणी विचारलं नव्हतं. मी आतल्या खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"सापडली वाटतं," परीक्षक म्हणाले.

"हरवलीच नव्हती, साहेब," मी म्हणालो. "हात पोरीचा न्हाई चुकला. माझा चुकलाय." ऐन वेळी माझ्या तोंडून गावाकडची भाषा आली.

मी स्वतःच तराजू काढला, पारडी पुसली, वजनपेटीतून चिमट्यानं एकेक वजन ठेवलं. वीस ठेवले, बुचाचं पारडं हललंसुद्धा नाही. तीस ठेवले. एकतीस. वर बारकी पत्र्याची वजनं ठेवत गेलो तेव्हा काटा मधोमध आला. सव्वाएकतीस ग्रॅम. शीतलनं खाली मान घालून गणित पुन्हा केलं. ताण शंभर. ना कमी, ना जास्त.

मग मी सगळं सांगून टाकलं. गाठ, खिडकी, कडबा, शेण, नेकनूर, जीपचा बुश. निळ्या वहीचं पण सांगितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण प्राचार्यांच्या चेहऱ्यावर भलताच आनंद पसरला.

"म्हणजे ताण सापडला!" ते म्हणाले. "पंचनाम्यात दुरुस्ती करा."

"सापडला, पण जास्तच सापडला," परीक्षक कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाले. "बूच एकतीसचं असेल, तर या अकरा जणांचं साडेबारा सेकंदांत कसं आलं? त्यांच्या गणितात ताण दीडशेच्या वर जातो. आता हे वरचे छप्पन्न ग्रॅम आले कुठून?"

प्राचार्यांचा आनंद मावळला. इतका वेळ छत्तीस कमी होते, आता दर डोई छप्पन्न जास्त. क्लार्कनं विचारलं, नवा पंचनामा करू का. शीतल बरोबर तर अकरा चूक. अकरा बरोबर तर शीतल चूक. आणि अकरा चूक म्हटलं, तर त्यामागं सोळा वर्षांची रांग उभी होती. त्यातला एक तर आता आमच्याच संस्थेत गणित शिकवत होता.

तेवढ्यात कुठून तरी गॅसची टाकी आली. पोहे आले. पोहे खाताना प्राचार्यांना इतिहास कामी आला. ते म्हणाले, "बुचं दोन होती असं समजायला काय हरकत आहे?"

आणि तसंच ठरलं. कागदोपत्री आमच्याकडं दोन बुचं झाली. अकरा जणांनी फिरवलं ते वीस ग्रॅमचं, शीतलनं फिरवलं ते एकतीसचं. दोन्ही बरोबर, सगळे पास. परीक्षकांनी शीतलला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि जाताना तिला म्हणाले, "असं मोजलेलं बऱ्याच वर्षांत बघितलं नाही." डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मी 'रबरी बूच, २ नग' असं लिहिलं आणि सही केली. निळी वही त्याच संध्याकाळी चुलीत घातली.

निघताना शीतलनं मला गाठलं. "चाचा, दुसरं बूच हाय कुठं?"

"न्हाई बाळ, कुठंच."

"मग लिवलं कावून?"

पोरीला खरं ठरवायला आम्ही आणखी एक खोटं जन्माला घातलं होतं, आणि मी ते माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं. ही टोचणी अजून आहे. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना नव्या माणसानं दुसरं बूच मागितलं, तेव्हा मी पुन्हा नेकनूर गाठलं. या वेळी तराजू सोबत नेला. घासून, तोलून, पुन्हा घासून बरोबर वीस ग्रॅमचं बूच केलं आणि चार्ज देण्याआधी रिकाम्या प्रयोगशाळेत स्वतः फिरवलं. तीनदा डोक्यात बसलं. चौथ्यांदा बारा पूर्णांक सात सेकंद आले. माझ्या वहीतला पहिलाच आकडा खरा होता. पण तो मी मोजलेला हा पहिलाच दिवस होता.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, म्हणून मी आणि शमीम, आमच्या घरच्या, अंबाजोगाईला एका लॅबमध्ये गेलो. पांढरा कोट घातलेली एक बाई सुई घेऊन आली आणि थबकली. "चाचा, वळखलं का?"

शीतल होती. लॅबचा कोर्स केला, आता तिथंच कामाला आहे. लग्नही झालंय, तिनं स्वतः बघितलेल्या माणसाशी. तो बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. वडील अजून तोडीला जातात. मी म्हणालो, "कोयता?" ती म्हणाली, "ऱ्हायला अर्धाच." आणि तोंड भरून हसली.

तासाभरानं रिपोर्ट आला. उपाशीपोटी दोनशे चौदा. शमीमचा चेहरा बघून मी शीतलला बाजूला घेतलं आणि जुन्या सवयीनं आवाज खाली आणला.

"बाळ, एकशे दहा लिही की. आपल्यातलं माणूस हाय मी. तुझी चाची लई छळंल."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, लिहिते. तिनं पुन्हा सुई काढली.

"शंका आसल तर परत मोजते, चाचा. आक्षी दहादा मोजते. पण लिहीन ते आलेलंच."

पुन्हा मोजलं. दोनशे सोळा आले. तिनं दोन्ही आकडे लिहिले, खाली सही केली आणि कागद माझ्याऐवजी शमीमच्या हातात दिला. मी त्या सहीकडं बघत उभा राहिलो. माझ्या प्रयोगशाळेत शिकलेल्या पोरीनं घेतलेलं ते रीडिंग होतं, आणि त्यात माझं काही चालत नव्हतं. डोळे भरून आले. शमीमला वाटलं, साखरेमुळं.

यंदा शेजारच्या घरून दिवाळीच्या फराळाचं ताट आलंय. करंज्या शमीमनं मोजून डब्यात ठेवल्यात, आणि डब्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवलीये.